शेजारणींची साक्ष

सभागृहाच्या पडद्यावर भावोजींचे हात दाराएवढे मोठे दिसत होते. हात देखणे होते, त्यात वाद नाही. भावोजींना सगळंच भरभरून मिळालं होतं: उंची, आवाज, हसू, आणि दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून मिरवायला लागतो तो निगरगट्टपणाही. धाकटी व्यासपीठाच्या कोपऱ्यात मायक्रोफोनपाशी बसून डोळ्यांत तेल घालून त्या हातांकडे बघत होती.

ऑपरेशन थिएटर दोन मजले खाली होतं. तिथे भावोजी एका बाईच्या मणक्यात स्क्रू बसवणार होते आणि इथे गावोगावचे सर्जन खुर्च्यांना रेलून ते थेट बघणार होते. मध्येमध्ये प्रश्न विचारायचं काम धाकटीचं. ते तिला भावोजींनीच दिलं होतं. "आपलंच माणूस असलेलं बरं," असं ते ताईला म्हणाले होते, "नाहीतर कुणीतरी उगाच खोचक विचारत बसायचं." धाकटी ही ताईची पाठची बहीण. स्वतः मणक्याची सर्जन, पण भावोजींच्याच विभागात, त्यांच्याच हाताखाली. केस पिकायला लागले तरी घरात ती धाकटीच होती.

आज ती त्यांच्यावर उट्टं काढणार होती.

उट्टं कशाचं ते आधी सांगायला हवं. छोट्या छेदातून मणक्यात स्क्रू घालणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. हाडाची एक अरुंद दांडी असते, तिच्यातून स्क्रू न्यायचा. तिच्या आतल्या अंगाला नसांचा जुडगा. स्क्रू जरा तिरका गेला की चालता माणूस लंगडा झालाच म्हणून समजा. म्हणून आधी काढलेला सीटी स्कॅन आणि टेबलावर काढलेले एक्स-रे कॉम्प्युटरवर एकमेकांशी जुळवतात आणि त्या जुळलेल्या चित्रावर बघून हत्यार चालवतात. अडचण अशी, की स्कॅनच्या वेळी पेशंट उताणा असतो आणि ऑपरेशनला पालथा. पाठीचा बाक बदलतो, मणके इकडचे तिकडे होतात आणि कालचं चित्र आजच्या पाठीवर बसता बसत नाही.

धाकटीने यावर आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी घालवल्या. अख्खी पाठ जुळवायचीच नाही, एकेक मणका सुटा करून जुळवायचा, ही तिची कल्पना. कॉम्प्युटरवाल्यांच्या डोक्याशी डोकं लावून तिने ती बसवली, आणि बसवताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. मणके दिसायला सख्ख्या भावंडांसारखे. कॉम्प्युटरला चौथा म्हणून सांगितलं आणि पाचवा दाखवला, तरी तो बिचारा त्याला वळवतो, सरकवतो, कसाबसा बसवतो आणि वर हिरवा दिवा लावून मोकळा होतो. म्हणून तिने शेवटी एक पायरी घातली. मणका जुळला की त्याच्या वरच्याला आणि खालच्यालाही जुळवून बघायचं. हा तुमच्याच शेजारचा ना? तिघांचं एकमत झालं तरच हिरवा दिवा. या पायरीला ती "शेजारणींची साक्ष" म्हणायची. इमारतीत कोण कुठल्या दाराआड राहतं हे शेजारणींइतकं पक्कं कुणाला ठाऊक असतं?

मग एका मोठ्या परिषदेत भावोजींनी ही पद्धत स्वतःच्या नावाने मांडली. अगदी आडनावानिशी. धाकटीचं नाव शेवटच्या पाटीवर आभारांत होतं, प्रोजेक्टर चालवणाऱ्याच्या खाली. ती आईकडे जाऊन ढसाढसा रडली तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, नाव घरातच राहिलं ना? परक्याने नेलं असतं म्हणजे?" ताईने विषयच काढला नाही. ताईने तिला एक महागडी पर्स भेट दिली. ती पर्स धाकटीने आजतागायत उघडली नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने गिळलं असतं कदाचित. पण भावोजींनी ती शेवटची पायरी काढून टाकली. "फार वेळ खाते गं," ते विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले. "पडद्यावर कंटाळवाणं दिसतं. तुझ्या शेजारणींना आता घरी पाठव." सगळे हसले. चहा देणारासुद्धा हसला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि तिथेच राहिली, विझली म्हणून नाही. त्या दिवसापासून ती घरच्या जेवणांना हसतमुख जाई, भावोजींना वाढी, आणि मनातल्या मनात त्यांना भर चौकात उघडं पाडण्याचे बेत करी.

बेत आयता चालून आला तो बेकरीवालीच्या पावलांनी.

बेकरीवाली पहिल्यांदा धाकटीकडेच आली होती. आडव्या हाडाची, मोठ्याने बोलणारी बाई. भट्टीपुढे जन्म काढलेला, त्यामुळे दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे आडवे डाग, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. कमरेतला एक मणका सैल होऊन नस दाबत होता. उभं राहिलं की उजवा पाय पेटायचा. "बसून पाव भाजता येत नाही हो डॉक्टरबाई," ती म्हणाली, "आणि मी घरी बसले तर माझा नवरा भट्टी चालवणार. म्हणजे गिऱ्हाइकांच्या नशिबी कोळसा." धाकटीला ती आवडली. तिने स्कॅन उघडला, सवयीने वरून खाली मणके मोजले, आणि थबकली. कमरेत माणसाला पाच मणके असतात. बेकरीवालीला सहा होते. असतात असे काहीजण. दुखत नाही, खुपत नाही. फक्त मोजणाऱ्याची गंमत होते. वरून मोजलं तर बिघाड चौथ्या-पाचव्यात होता. पण एक्स-रेवर सगळे सर्जन खालून मोजतात, कारण खालचं मोठं त्रिकोणी हाड चटकन दिसतं. शेवटचा तो पाचवा, त्याच्या वरचा चौथा. या बाईत शेवटचा सहावा होता.

दुसऱ्याच आठवड्यात भावोजींनी ती केस प्रात्यक्षिकासाठी उचलली. "साधी, स्वच्छ केस आहे," ते म्हणाले. "चौथा-पाचवा." स्कॅन सगळ्यांपुढे उघडा होता. कुणीही मोजू शकलं असतं. कुणी मोजलं नाही. धाकटीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्या मिटलेल्या तोंडातच तिचा सगळा बेत होता. शेजारणी असत्या तर त्यांनी बोंब मारली असती. शेजारणी घरी पाठवल्या होत्या. भावोजी चुकीच्या मणक्यावर हत्यार धरणार आणि त्यांचा कॉम्प्युटर त्यांना हिरवा दिवा दाखवणार, हे तिला दिसत होतं. स्क्रू जाऊ द्यायचा नाही, एवढं तिने स्वतःला बजावलं होतं. ती काही राक्षसीण नव्हती. आधी टोकदार आरीने छिद्र पाडतात, मग स्क्रू. छिद्र पडेपर्यंत गप्प बसायचं. चांगल्या हाडातलं एक छिद्र, बाईला कळणारही नाही, महिन्या-दोन महिन्यांत भरून येईल. पण सगळ्या सभागृहाने ते बघितलेलं असेल. मग मायक्रोफोनचं बटण दाबायचं आणि गोड आवाजात विचारायचं, सर, आपण कुठल्या मणक्यात आहात?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बेकरीवालीने तिचा हात धरला होता. "तुम्ही असाल ना तिथे?"

"असेन," धाकटी म्हणाली होती.

आणि ती होतीच की.

पडद्याचे आता तीन भाग झाले होते. एकात भावोजींचे हात, एकात एक्स-रे, एकात अख्खं टेबल. सुरू करण्यापूर्वी थिएटरातले सगळे क्षणभर थांबले आणि नर्सने मोठ्याने विचारलं, "कुठला मणका?" भावोजी म्हणाले, "चौथा आणि पाचवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. शब्द बरोबर होते. हाडं चुकीची होती. पेशंट पालथी असल्यामुळे सैल मणका आपोआप जागेवर आला होता, म्हणजे नुसत्या नजरेला संशय यायलाही जागा उरली नव्हती.

भावोजींनी एक्स-रेवर सगळ्यात खालच्या मणक्यावर बाण नेला. "हा पाचवा. आता आपली पद्धत बघा." आपली! धाकटीने दात ओठ खाल्ले. स्कॅनमधल्या पाचव्या मणक्याची हिरवी रेघ एक्स-रेवर उतरली, जरा वळली, जरा सरकली आणि बसली. कोपऱ्यात चूक किती त्याचा आकडा उमटला, मिलिमीटरच्याही आत. सभागृहात कौतुकाचा हुंकार फिरला.

फक्त एका जागी त्या हिरव्या रेघेला एक चोच होती. बेकरीवालीच्या पाचव्या मणक्याच्या उजव्या कडेला झिजेमुळे हाड वाढून बारीकशी चोच आलेली. एक्स-रेवर तिथे हाड नव्हतंच, रेघ मोकळ्या जागेत टोक काढून उभी होती. खरी चोच वरच्या मणक्याला लटकत होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणाला दिसत नव्हती, कारण आकडा सुंदर होता.

धाकटीचा अंगठा बटणावर गेला. दाबला नाही. पहिल्या रांगेत ताई बसली होती, नवऱ्याकडे बघताना तिची मान नेहमीपेक्षा जरा उंच असायची. धाकटीला त्या मानेचाही राग आला.

"आरी," भावोजी म्हणाले. जोडे शिवतात तसलं टोकदार हत्यार त्यांच्या हातात आलं. छेदातून ते आत गेलं. स्कॅनच्या चित्रावर त्याची सावली बरोबर हाडाच्या दांडीच्या तोंडाशी टेकली. सगळं चित्र कसं वहीत काढल्यासारखं. "इथे हातोडीचे दोन-तीन ठोके," भावोजी म्हणाले, "आणि वाट मोकळी."

होऊ दे, धाकटी मनात म्हणाली. पड आत. एकदाचा पड.

पहिला ठोका पडला. त्या ठोक्याने टेबल किंचित हललं आणि तिसऱ्या चित्रात बेकरीवालीचा एक हात आधारावरून घसरला. चादर सरकली. कोपरापर्यंतच्या त्या भाजलेल्या पायऱ्या पडद्यावर दिसल्या, माणसाएवढ्या मोठ्या. भूलतज्ज्ञाने हात उचलून परत नीट ठेवला, झोपलेल्या मुलाचा ठेवावा तसा.

हातोडी दुसऱ्यांदा वर गेली.

"थांबा," धाकटी म्हणाली. बटण कधी दाबलं ते तिलाच कळलं नाही. "सर, थांबा. तो पाचवा नाही. पेशंटला सहा मणके आहेत. वरून मोजा."

पडद्यावरचे हात जागच्या जागी राहिले. हातोडी हवेतच. मोजून बघायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. मग भावोजींचा तो सुप्रसिद्ध आवाज आला, हसरा आणि सावकाश.

"शाब्बास! हीच गोष्ट मला दाखवायची होती. बघा मंडळी, आकडा सुंदर असला तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. मी मुद्दाम किती पुढे जातो आणि कोण ओरडतं ते बघत होतो. आमच्या डॉक्टर जाग्या आहेत!"

आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अहो, खरंच वाजवल्या.

भावोजींनी धाकटीची पद्धत खाल्ली होती, आणि आता तिचा सूडही खाल्ला, वर ढेकर दिली. छिद्र पडेपर्यंत थांबली असती तर! एक ठोका. अजून एक ठोका गप्प बसता आलं नाही तुला. ती स्वतःवरच अशी चिडली की राग डोक्यातून खाली उतरून थंडगार झाला, आणि थंड रागात माणसाला फार स्वच्छ दिसतं.

तिने पुन्हा बटण दाबलं. "फार छान, सर," ती इतक्या गोडीने म्हणाली की ताईने चमकून वर बघितलं. "मग आता पुढची पायरीही दाखवा ना. पाहुण्यांनी मूळ पद्धतीतली ती पायरी बघितलेली नाही. शेजारचे मणके जुळवून खात्री कशी करायची, ती."

पडद्यावरच्या हातांनी आरी बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली.

"सर? शेजारणींची साक्ष. ती घेतली असती तर खालची शेजारीण जुळलीच नसती, कारण खाली मणका नाही, त्रिकोणी हाड आहे. तुमचीच पद्धत आहे. बटण दाबून दाखवा."

कॉम्प्युटरचा पडदा आता सभागृहाच्या पडद्यावर होता, आणि बाण त्याच्यावर फिरू लागला. डावीकडे गेला. वरच्या पट्टीवर गेला. एक यादी उघडली, मिटली. दुसरी उघडली. बटण नव्हतंच. ते त्यांनीच काढायला लावलं होतं. आणि बटण असतं तरी त्यापुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ती पायरी त्यांनी कधी शिकूनच घेतली नव्हती. बाण भरकटत राहिला, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेतून एक म्हातारा सर्जन सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने शेजाऱ्याला म्हणाला, "याला याचीच पद्धत येत नाही वाटतं."

धाकटीने त्यांना भरपूर वेळ शोधू दिलं. घाई कसली? पेशंट सुखरूप होती, हत्यार बाहेर होतं. तो प्रत्येक क्षण तिने चघळून चघळून खाल्ला.

मग ती म्हणाली, "राहू दे, सर. मी सांगते तसं करा." आणि तिने सांगितलं तसं त्या देखण्या हातांनी केलं. सहावा सोडा. त्याच्या वरचा घ्या. चोच जुळते का बघा. आता त्याच्या वरचा. आता खालचा. भावोजी प्रत्येक वेळी "हं" म्हणत होते. स्क्रू चौथ्यात आणि पाचव्यात बसले, अगदी मापात. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा लोकांचे चेहरे पडद्याकडे नव्हते, व्यासपीठाच्या कोपऱ्याकडे होते. धाकटीला आनंद झाला का? झाला. इतका, की तिला लाज वाटायला हवी होती, आणि वाटत नव्हती.

बाहेरच्या बोळात ताईने तिला गाठलं. आजूबाजूला लोक कप घेऊन उभे होते, म्हणून ती हळू बोलली.

"त्यांची जिरवलीस ती जिरवलीस. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुझं होतं ते त्यांनी घेतलं, मला माहीत होतं. पर्स देऊन मी गप्प बसले."

"मग?"

"मी तुझ्याकडे बघत होते, धाकटे. लहानपणापासून बघतेय. तुझा अंगठा त्या बटणावर आधीपासून होता."

"वेळेवर बोलले ना?"

"कुणाच्या वेळेवर?" ताई म्हणाली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तोंडावर हसू चढवून गेली.

धाकटी दिवसभर स्वतःशी भांडत राहिली. ताईला काय कळतंय! हाडाला साधा ओरखडाही उठला नसेल. एका ठोक्याने काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाली उशीला टेकून बसली होती आणि नर्सला चांगला पाव दाबून कसा ओळखायचा ते शिकवत होती. पाय पेटत नव्हता. धाकटीने तपासलं, बोटं हलवायला लावली, मग खाटेशेजारी कॉम्प्युटर उघडला. ऑपरेशननंतरचा स्कॅन आला होता. तिने जुना स्कॅन त्याच्यावर ठेवला आणि एकेक मणका जुळवत गेली. वरचा, खालचा, शेजारणींसकट. जिथे दोन्ही सारखे तिथे चित्र करडं होतं, जिथे काही बदललं तिथे रंगीत उमटत होतं.

चार स्क्रू ठसठशीत लाल उमटले, जागच्या जागी.

आणि खाली, सहाव्या मणक्यावर, खसखशीच्या दाण्याएवढा एक लाल ठिपका.

तिने दोन्ही चित्रं पुन्हा जुळवली. ठिपका हलला नाही.

"काय दिसतंय?" बेकरीवालीने मान वाकडी करून विचारलं.

"स्क्रू अगदी मापात बसलेत."

"ते लांब लांब चार ना? कळलं. नशीब हो माझं. काल भूल देताना मी त्यांना म्हटलं, आमच्या डॉक्टरबाई आहेत ना वर? मग द्या बिनधास्त." तिने भाजलेल्या हाताचं बोट पडद्यापाशी नेलं. भट्टीतला काळा कण शंभर पावांतून हेरणारी नजर ती. "आणि हा ठिपका कसला? हे कुणी केलं?"

भावोजींचं नाव धाकटीच्या जिभेवर आलं होतं. अगदी खरं नाव. हात त्यांचा, हातोडी त्यांची, मोजायला विसरले ते. एवढं एक नाव घेतलं की उरलंसुरलं उट्टंही निघत होतं, आणि कुणालाही ते खोटं म्हणता आलं नसतं. बाई पडद्याकडे बघत थांबली होती.

"तो माझा आहे," धाकटी म्हणाली, आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसली, कारण आता सगळं सांगावं लागणार होतं.